उदाहरणातला माणूस

बजरंग कुठल्याच कामावर टिकत नाही, हे गावाने फार पूर्वीच मान्य करून टाकलं होतं. साखर कारखान्यात लागला, तर हंगाम संपायच्या आत घरी. पुण्याला वॉचमन म्हणून गेला, तर एका जागी बसवेना म्हणून गेटची चावी दुसऱ्याच्या हातात देऊन परत. मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं, तर उघडलेले मोबाईल तसेच उघडे पडून राहिले आणि गिऱ्हाइकं शिव्या देऊन गेली. जेसीबी शिकायला बसला आणि पहिल्याच आठवड्यात मालकाच्याच विहिरीचा कठडा पाडून आला. आता तो तेलगावच्या हरिओम मंडपवाल्याकडे साउंडचं काम बघत होता. इथं मात्र त्याचं जमलं होतं. आज लग्न, उद्या बारसं, परवा कुणाची पुण्यतिथी. रोज नवं गाव, नवी गर्दी. एका जागी बसायची वेळच येत नसे.

त्याचं घर धारूरच्या डोंगरातल्या वस्तीवर. बाप सटवा जन्मभर मेंढरांमागे फिरलेला. बजरंग बारा वर्षांचा असताना सटवा एकदा मेंढरं त्याच्यावर सोपवून सोयऱ्याकडे गेला. पोरगं आधी मेंढरांजवळच होतं, पण वर घिरट्या घालणाऱ्या घारीकडे बघत बघत टेकडी उतरून पार पलीकडे गेलं. मेंढरं कोवळ्या ज्वारीत शिरली. पावसाने ताण दिलेला, ज्वारी गुडघ्याएवढीही नव्हती. असली ज्वारी जनावराला विषासारखी बाधते. सटवा परतला तेव्हा अर्धा कळप बांधावर पाय ताणून पडला होता. त्याने पोराला बाभळीला बांधलं आणि हात दुखेपर्यंत काठीने मारलं. शाळेत त्रिंबक गुरुजींची छडी होतीच. "याच्या बुडाखाली काय निखारे हायत का रं?" असं ते वर्गाला विचारायचे आणि वर्ग खदखदून हसायचा. आठवीत बजरंगची शाळा सुटली.

धाकटी बहीण ऋतुजा मात्र हुशार निघाली. "जिचं डोकं चालतं तिला शिकवू," असं म्हणून सटवाने तिला अंबाजोगाईला वसतिगृहात ठेवलं. तिथून ती पुण्याला गेली आणि कुठल्याशा मोठ्या प्रयोगशाळेत लागली. ती तिथं नेमकं काय करते, हे घरात कुणालाच सांगता येत नसे. आई होती तोवर "माशावर कायतरी करती" एवढंच म्हणायची. आई गेल्यावर सटवाने त्यात सुधारणा केली. कुणी विचारलं की तो सांगे, "पोर माशाची डॉक्टर हाय."

पीएचडी मिळून ती खरोखरच डॉक्टर झाली तेव्हा गावाने शाळेच्या मैदानावर तिचा सत्कार ठेवला. पदवी मिळवणारी वस्तीवरची पहिलीच पोर. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव पाहुणे, निवृत्त झालेले त्रिंबक गुरुजी मंचावर, आणि पहिल्या रांगेत फेटा बांधलेला सटवा. मंडप हरिओमचा, म्हणजे साउंड बजरंगचं. "बहिणीचा सत्कार अन् भाऊ वायरी वढतोय," असं कुणीतरी म्हणालं. बजरंगला त्याचं काही वाटलं नाही. त्याने आदल्या दिवशीच सगळं सामान आणून ठेवलं होतं. बहिणीचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत लख्ख पोचला पाहिजे, एवढीच त्याची इच्छा.

त्या आदल्या दिवशी एक गोष्ट घडली होती. तिसरीतली त्याची पोरगी संस्कृती त्याच्याबरोबर मैदानावर आली होती. माइकच्या पेटीजवळ तिला बसवून, "इथनं हलायचं न्हाई" असं बजावून तो जनरेटर बघायला गेला. परत आला तर पोरगी जागेवर नाही. शाळेच्या भिंतीपाशी ती मुंग्यांची रांग बघत उभी, आणि इकडे पोरांनी माइक काढून दगडावर आपटलेला. बजरंगच्या हातात वायरीचा तुकडा होता. त्याने तिच्या पोटऱ्यांवर सपासप ओढले. पोरगी रडली नाही, नुसती त्याच्याकडे बघत राहिली. म्हणून त्याने आणखी दोन दिले.

ऋतुजा बोलायला उभी राहिली. मागे पडदा लावला होता. त्यावर एक बारकासा मासा दिसला, बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे पट्टे.

"हा झेब्रा मासा," ती म्हणाली. "मूळचा आपल्याच देशातल्या ओढ्यांमधला. याची पिल्लं काचेसारखी आरपार असतात. पिल्लू जिवंत असतानाच त्याच्या मेंदूत काय चाललंय ते आम्हाला दिसतं. आईबापाकडून आपल्याकडे जे गुण येतात त्यांचं बियाणं असतं, त्याला जनुक म्हणतात. माणसातली पुष्कळ जनुकं या माशातही आहेत. आम्ही त्यातलं एक बिघडवतो, आणि मासा कसा वागतो ते बघतो."

पडद्यावर दोन बशा आल्या. दोन्हीत एकेक मासा, आणि तो जिथं जिथं पोहला तिथं काढलेली रेघ. पहिल्या बशीत ती रेघ चार वळणं घेऊन थांबली होती. दुसऱ्या बशीत तिचं नुसतं गुंतवळ झालं होतं, बशीचा पांढरा रंगही दिसत नव्हता. लोक हसले.

"याला पाच खिडक्या दाखवतात," ऋतुजा सांगत होती. "ज्या खिडकीत दिवा लागेल तिथं गेलं की खाऊ मिळतो. साधा मासा दिव्याची वाट बघतो. हा मासा दिवा लागायच्या आधीच सुटतो. चुकतो, उपाशी राहतो, पुन्हा तसाच सुटतो. त्याला कळत नाही असं नाही. त्याला थांबता येत नाही. मग त्याच्या पाण्यात आम्ही औषध घालतो. ज्या मुलांचं लक्ष टिकत नाही त्यांना डॉक्टर देतात तेच औषध. आणि हा मासा थांबतो. वाट बघतो."

साउंडच्या मशीनपाशी उभा असलेला बजरंग ऐकत होता. एरवी भाषण सुरू झालं की त्याचं मन मंडपाबाहेर भटकायला जाई. आज गेलं नाही. थांबता येत नाही, हे शब्द त्याच्या छातीत कुठंतरी जाऊन बसले. इतक्या वर्षांत कुणीतरी बरोबर बोललं, असं त्याला वाटलं, आणि ते आपल्या बहिणीने बोलावं याचा अभिमानही वाटला.

"आणि हे मी शिकले माझ्याच घरातून," ऋतुजा म्हणाली. "माझा मोठा भाऊ. तो वर्गात बसू शकायचा नाही म्हणून गुरुजी त्याला छडीने मारायचे. त्याच्या हातून मेंढरं मेली म्हणून त्याला बाभळीला बांधून मारलं. सगळे म्हणायचे, हा कामचुकार आहे, मुद्दाम करतो. पाच वर्षांपूर्वी हा मासा मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला दादाच दिसला. तेव्हापासून मी कुठेही बोलायला गेले की सुरुवात दादापासून करते. हैदराबादला केली, बंगळुरूला केली, मागच्या महिन्यात जर्मनीतल्या लोकांसमोर केली."

सुंदररावांनी टाळ्या वाजवल्या म्हणून मंडपानेही वाजवल्या. त्रिंबक गुरुजी गळ्यातल्या हारातली एकेक पाकळी तोडत होते. सटवाचा फेटा जरासा खाली झुकला. पोराटोरांनी माना वळवून मागे बघितलं, मशीनपाशी. तेवढ्यात माइकने शिटी मारली. बजरंगचा हात बटणावर गेला. आवाज बंद करणं त्याच्याच हातात होतं. त्याने शिटी तेवढी काढून टाकली आणि बहिणीचा आवाज पुन्हा स्वच्छ करून दिला.

सामान गाडीत भरताना हरिओम हसत म्हणाला, "काय बे मासा, उचल की तो बॉक्स!" दुसऱ्या दिवशी तेलगावच्या चहाच्या टपरीवर तेच नाव त्याच्याआधी पोचलं होतं.

सत्कार आटोपून त्या संध्याकाळी सगळे घरी आले. सटवाने फेटा उतरवून खाटेवर टाकला. मिळालेला नारळ कोपऱ्यात ठेवला आणि लेकीकडे न बघता बोलला, "मला फेटा बांधून पुढं बसिवलं, अन् माझे फटके मोजून दाखवले गावाला."

"आबा, तुमची चूक नव्हती असंच मी सांगत होते. त्या काळी कुणाला कळणार?"

"मंग काढलंस कावून?"

बजरंग दारात उभा होता. त्याची बायको द्वारका चुलीपाशी. संस्कृती उंबऱ्यावर बसून नारळाच्या शेंडीचा एकेक धागा ओढत होती.

"पाच वर्सं," बजरंग म्हणाला.

"काय रे दादा?"

"पाच वर्सं झाली तुला कळून. जर्मनीपस्तोर कळलं. मला कवा सांगणार व्हतीस?"

"तुला वाईट वाटेल असं वाटलं मला."

"तिकडच्या लोकाईला सांगताना न्हाई वाटलं?"

"दादा, मी माशांवर काम करते. माणसांची डॉक्टर नाही. नुसत्या अंदाजावर तुला कसं सांगू, की तुला हा आजार आहे म्हणून?"

"अंदाजावर भाषण करता येतं," बजरंग म्हणाला. "भावाला दवाखान्यात धाडता येत न्हाई."

मग द्वारका उठली. तिने संस्कृतीला हाताला धरून आणलं आणि पाठमोरी उभी केली. पोटऱ्यांवर वायरीचे वळ जांभळे पडले होते. ऋतुजाने तोंडावर हात घेतला.

"कुणी मारलं?"

"म्या," बजरंग म्हणाला. "काल. तिला म्हणलं व्हतं हलू नको. ती मुंग्या बघाया गेली. म्या म्हणलं, मुद्दाम करती."

ऋतुजाने खाली वाकून ते वळ बघितले. मग हळूच म्हणाली, "मुलींचं असंच असतं, दादा. त्या धावत नाहीत. बसल्या जागी हरवतात. म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही."

"तुझ्या आलं व्हतं?"

ऋतुजा संस्कृतीच्या केसांतून हात फिरवायला लागली.

"ऋतुजा, इच्यातबी दिसलं व्हतं का तुला?"

"दोन वर्षांपूर्वी. दिवाळीला आले होते तेव्हा," ती म्हणाली. "मला वाटलं, अजून लहान आहे. आणि माझा प्रबंध द्यायचा होता. डोकं ठिकाणावर नव्हतं माझं, खरंच."

बजरंगने तिला शिवी दिली नाही. तो बाहेर गेला, मेंढरांच्या वाड्याची काटेरी फाटी उगीच इकडची तिकडे करत राहिला. माशांच्या पाण्यात मोजून औषध घालणारी बहीण डोळ्यांसमोरून हलेना. सकाळी ऋतुजा पुण्याला निघाली तेव्हा तिची बॅग एसटीत चढवायला तो गेला, पण गाडी सुटायच्या आतच मागे फिरला.

पुढच्याच सोमवारी तो संस्कृतीला घेऊन अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात गेला. मानसोपचाराच्या खोलीबाहेर रांग होती. डॉक्टर बाई मध्यम वयाची, कमी बोलणारी. तिने पोरीला बरंच काही विचारलं, चित्रं दाखवली, द्वारकाला बाजूला घेऊन घरातलं विचारलं. शाळेतल्या बाईंकडून काय काय जाणून घ्यायचं ते सांगितलं आणि पुन्हा बोलावलं. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "हो, लक्ष न टिकण्याचा आजार आहे हिला. औषधाने फरक पडेल. पण नुसत्या औषधाने नाही. हिला एका वेळी एकच गोष्ट सांगत जा. आणि मारायचं पूर्ण बंद." मग बजरंगकडे बघून तिने विचारलं, "तुम्ही आल्यापासून किती वेळा उठलात, माहीत आहे का? तुमच्याबद्दल कधी कुणी विचारलंय?"

"माझ्यावर भाषणं झाली हायत," बजरंग म्हणाला.

बाईला ते कळलं नाही. तिने त्याचीही तपासणी केली, हृदयाचा आलेख काढायला पाठवलं, आणि त्यालाही गोळ्या लिहून दिल्या.

गोळ्या सुरू झाल्यावर काय होतं याची त्याला धाकधूक होती. झालं ते अगदी साधं होतं. एके दुपारी त्याने बिघडलेला अँप्लिफायर उघडला आणि तो दुरुस्त करून बंद केला. मध्ये चहाला उठला नाही, फोन बघितला नाही, दुसरं काही उघडून बसला नाही. स्क्रू सगळे जागच्या जागी होते. द्वारका काहीतरी सांगत होती. तिचं वाक्य सुरू झालं, पुढे सरकलं आणि संपलं, तोवर तो तिथंच होता. ती एकदम म्हणाली, "आवो, असं काय बघताव? तब्येत बरी हाय न्हवं?"

त्याला आनंद व्हायला हवा होता. पण त्या अँप्लिफायरसमोर बसल्या बसल्या त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. इतकंच होतं तर! लोक असेच बसतात, असंच ऐकतात, एवढ्याच जिवावर शाळा शिकतात, नोकऱ्या टिकवतात. आपल्याला ते आयुष्यभर मागूनही मिळालं नाही आणि ते एका पांढऱ्या गोळीत होतं. आता गोळीने आठवी परत येणार नव्हती. आई तर हे न बघताच गेली. जाताना "माझ्या बज्याचं कसं व्हईल" म्हणत गेली.

सटवा काठी टेकवून दारात उभा होता. पोराला एका जागी बसलेलं त्याने किती वेळ बघितलं कुणास ठाऊक. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मेंढरांना पाणी दाखवताना बजरंग शेजारी आला तेव्हा सटवा म्हणाला, "बरं न्हाई झालं."

"काय?"

"हे कळलं ते. म्या समजत व्हतो, तू माजुरडा हाईस. ते बरं व्हतं." आणि मग मेंढरांकडेच बघत म्हणाला, "आता ते मारल्यालं कुठं नेऊन ठिवू?"

आपलंही तेच आहे, संस्कृतीच्या पोटऱ्यांचं काय करायचं हे आपल्यालाही कळलेलं नाही, असं बजरंगला सांगावंसं वाटलं. पण बापाला दिलासा द्यायची त्याची इच्छाच होईना.

या गोळ्या जवळपास कुठंच मिळत नसत. लातूरच्या एकाच दुकानात येत, त्याही कधी येत, कधी नाही. पावसाळ्यानंतर त्या आणखी दुर्मिळ झाल्या. दुकानदार म्हणायचा, एकाचंच भागेल एवढा माल आहे, ठरवा कुणाचं ते. बजरंगला ठरवावं लागलं नाही. संस्कृती आता फळ्यावरचं उतरवून आणायला लागली होती. त्याने डॉक्टर बाईला सांगून आपल्या गोळ्या बंद केल्या. महिन्याभरात साउंडच्या वायरी पुन्हा गुंतायला लागल्या. आधी हे असंच असतं असं वाटायचं. आता गुंतताना कळत होतं. एका लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी आवाज गेला आणि हरिओमने त्याला सगळ्या वऱ्हाडासमोर झापलं. पुढच्या कामाला बोलावलंच नाही.

उन्हाळ्यात ऋतुजा आली. तिला जर्मनीला बोलावणं आलं होतं. जायच्या आधी भेटायला आले म्हणाली. संस्कृतीसाठी रंगपेटी आणली होती. चहा झाल्यावर तिने पिशवीतून प्लॅस्टिकच्या तीन नळ्या काढल्या, झाकणाच्या.

"दादा, रागावू नको. तिथले लोक माणसांच्या कुटुंबांवर काम करतात. एकाच घरातल्या तीन पिढ्या मिळणं फार अवघड असतं. आबा, तू आणि संस्कृती. यात नुसतं थुंकायचं. आम्ही माशात जे जनुक बिघडवतो, तेच तुमच्यात आहे का ते कळेल. तुमची परवानगी असेल तरच."

सटवा उठला, काठी घेतली आणि मेंढरांकडे निघून गेला. तोच त्याचा नकार होता.

"पोरीचं न्हाई मिळायचं," बजरंग म्हणाला.

"नाव कुठेच येणार नाही, दादा. नुसता आकडा."

"आकडा व्हायला ती मासा न्हाई."

ऋतुजाचे डोळे भरले, पण आवाज चढला. "संस्कृती ज्या गोळ्या घेते त्या आभाळातून पडल्या का? कुणीतरी आपलं रक्त दिलं, कुणीतरी आपली मुलं तपासू दिली, म्हणून त्या आल्या. तू आज नाही म्हणशील, तसं तेव्हा सगळे म्हणाले असते तर?"

ती म्हणत होती ते खरं होतं. ती नेहमीच खरं बोलत आली होती, सत्कारातही खरंच बोलली होती. बजरंगने हात पुढे केला.

"माझं घे. तसंबी तू घेतल्यालंच हाय."

तिने नळी दिली. पण तोंडाला कोरड पडली होती. त्याने जीभ घोळवली, गालफडं ओढली, तरी नळीतल्या रेघेपर्यंत थुंकी येईना. पाणी प्यायला चालत नव्हतं. ती समोर पाटावर बसून राहिली, तो भिंतीला टेकून. मध्ये तो दोनदा उठला, तिने दोन्ही वेळा "दादा" म्हणून बसवलं. लिंबाचं नाव घेतलं की तोंडाला पाणी सुटतं, असं एकदा तिला वाटलं असावं. "लहानपणी आपण लिंबं चोरायचो ते..." असं ती म्हणायला लागली, पण भावाच्या चेहऱ्याकडे बघून अर्ध्यातच थांबली.

नळी भरल्यावर तिने झाकण लावलं, रुमालात गुंडाळली आणि उरलेल्या दोन रिकाम्या नळ्या पिशवीत टाकल्या. दुपारच्या गाडीने ती गेली. त्यानंतर तिचा फोन रक्षाबंधनाला येतो, दिवाळीला येतो. तिकडे थंडी किती आणि इकडे पाऊस किती, एवढं बोलून होतं; नळीतून काय निघालं ते ती सांगत नाही, तो विचारत नाही. बजरंग आता शेळ्यांच्या बाजारात दलालाच्या हाताखाली आहे. किती दिवस राहील, कुणी सांगावं.